तीन नंबरचा फ्यूज

बनशंकरी, बेंगळूर
१० मार्च १९९६

तीर्थरूप अण्णांना हेमाचा नमस्कार.

"घर तुझं, हेमा, पण बोर्ड माझा." लग्न होऊन मी साताऱ्याहून या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला हे वाक्य ऐकवलं होतं. अम्मा मला स्वयंपाकघरातले डबे दाखवत होत्या. तुम्ही मध्येच हाक मारलीत, जिन्याखाली नेलंत आणि सागवानी फळीवर ओळीने बसवलेले चिनी मातीचे सहा पांढरे फ्यूज दाखवलेत. प्रत्येकाच्या खाली काळ्या रंगाने काढलेला आकडा होता. नव्या सुनेला आधी देवघर दाखवतात असा माझा समज होता. नंतर गिरीला सांगितलं तर तो म्हणाला, "तेच देवघर आहे. फक्त नारळ फोडत नाहीत."

बावीस वर्षं मी ते वाक्य पाळलं. गिरी गेल्यावर तुम्ही दोघं लेकीकडे, सौम्याकडे, म्हैसूरला राहायला गेलात, त्यालाही आता पाच वर्षं होतील. या पाच वर्षांत मी नळाची चावी बदलली, गच्चीला डांबर घातलं, गेटाला रंग दिला. बोर्डाला हात लावला नाही. आज त्याच बोर्डाबद्दल लिहायचं आहे, म्हणून एवढी प्रस्तावना.

गेल्या गुरुवारी सकाळी सातच्या सुमारास गीझर चालू होता, मी मिक्सरमध्ये चटणी वाटत होते आणि रम्या बाहेरच्या खोलीत कॉलेजच्या कपड्यांना इस्त्री करत होती. रबर जळाल्यासारखा वास आला. खिडकीच्या वर जी लाकडी पट्टी जाते, तुमच्या तारा जिच्यातून नेलेल्या आहेत, ती गरम झाली होती. मी मेन स्विच खाली ओढला आणि वास थांबला. एवढंच झालं, काळजी करण्यासारखं काही नाही.

शेजारच्या कृष्णमूर्तींकडे काम करणारे उमाकांत म्हणून वायरमन आहेत, बेळगावकडचे, पन्नाशीचे, लायसन्सवाले. त्यांना बोलावलं. त्यांनी बोर्ड नुसता लांबून पाहिला, कारण जवळ जाऊ नका असं मीच सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की घर बांधलं तेव्हा चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ होता. आता फ्रीज, गीझर, मिक्सर, टीव्ही आणि इस्त्री आहे, शिवाय रम्या कॉम्प्युटर घेऊया म्हणून मागे लागली आहे. सगळं वायरिंग बदलावं, फळी काढून आपोआप बंद होणाऱ्या खटक्यांचा नवा बोर्ड बसवावा आणि वीज मंडळाकडून वाढीव लोड मंजूर करून घ्यावा. मीटर तुमच्या नावावर असल्यामुळे त्या अर्जावर तुमची सही लागते. अर्ज सोबत पाठवते आहे.

मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी तुम्हाला विचारते, असं त्यांना सांगितलं आहे.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे त्याकडे लक्ष देऊ नका. दहावीचे सराव पेपर तपासून बोटं आखडली आहेत. अम्मांना नमस्कार, सौम्याला आठवण.

तुमची,
हेमा


म्हैसूर
१८ मार्च १९९६

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अर्जही पोचला. अर्ज मी चष्म्याच्या घरात ठेवला आहे आणि तो तिथेच राहणार आहे.

नवा बोर्ड विकायला आलेला मनुष्य जुन्या बोर्डाची तारीफ करील काय? तुझा उमाकांत लांबून बघतो आणि सगळं काढा म्हणतो. मी कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अठरा इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून. लांबून बघून मला कधी कळलं नाही. त्याला कळतं, तर तो माझ्यापेक्षा शहाणा असेल. सरी, ठीक आहे.

ती फळी म्हणजे दांडेलीचं सागवान आहे. बहात्तर साली तीन रविवार बसून मी ती तासली. एकेक स्क्रू मेण लावून बसवला. शेजारी कृष्णमूर्तींचं घर कंत्राटदाराने बांधलं, त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा अंधार होतो आणि ते मेणबत्ती मागायला आपल्याकडे येतात. आपल्याकडे बारा-तेरा वर्षांत एकदाही फ्यूज गेलेला नाही. एकदाही. हे तुझ्या त्या वायरमनला सांग आणि त्याचं तोंड बघ.

तू शाळेत विज्ञान शिकवतेस, ते ठाऊक आहे. पण फळ्यावरची वीज वेगळी आणि भिंतीतली वेगळी. वास आला तो इस्त्रीच्या प्लगाचा असणार. पोरीला सांग, पिन स्वल्प सैल झाली की वास येतो. प्लग बदल आणि गीझर चालू असताना इस्त्री करू नका म्हणजे झालं. लोड वाढवून काय करायचं? माणसं तर कमी झाली घरातली.

अंबू मागे उभी राहून वाचते आहे. तिचा निरोप: "हेमाला म्हणावं, बोर्डाचं तुम्ही दोघं बघा. मागच्या अंगणातली मोगरी जगली का ते लिही."

विश्वेश्वर


बनशंकरी
२७ मार्च १९९६

तीर्थरूप अण्णा,

मोगरी जगली आहे, अम्मांना सांगा. प्लगही बदलला.

तुमचं पत्र मी उमाकांतना वाचून दाखवलं, मुद्दामच. त्यांचं तोंड बघायला तुम्ही सांगितलं होतंत ना. "एकदाही फ्यूज गेला नाही" या वाक्यापाशी ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत, खुर्चीवरून उठले. "अक्का, तेरा वर्षांत एकदाही नाही?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "गीझर तुम्ही कधी घेतला?" मी सांगितलं, अठ्ठ्याऐंशी साली. "आणि फ्रीज?" पंच्याऐंशी. "मग तो फ्यूज मला बघू दे. आजच."

मी मेन बंद केला. ते पुढे व्हायला लागले तेव्हा मीच म्हटलं, थांबा, मी काढते. तुमचं वाक्य मोडायचंच असेल तर ते परक्या माणसाने मोडू नये, असं मला वाटलं. एक आणि दोन नंबर सहज निघाले. आत केसासारखी बारीक तार होती, तुम्ही बसवली होती तशी. तीन नंबर निघेना. झाकण आतून चिकटल्यासारखं झालं होतं. ओढून काढलं तर चिनी माती एका बाजूने करपून पिवळी पडलेली, आणि आत तांब्याची तार होती, अण्णा, काडेपेटीतल्या काडीएवढी जाड.

उमाकांतनी ते झाकण खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाले, "हा फ्यूज नाहीच. घर जळेल, पण हा जाणार नाही." आणि झाकण माझ्या हातात देत, "कृष्णमूर्तींकडे महिन्यातून दोनदा अंधार होतो म्हणून ते सुखरूप आहेत."

तीन नंबरवर बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर आहे. त्या खिडकीवरची पट्टी त्यांनी उघडून दाखवली. तारेवरचं रबर बोट लावताच बिस्किटासारखं चुरलं. तेरा वर्षं त्या तारेने निमूटपणे सगळं ओढलं.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तुम्ही त्यांना विकणारा मनुष्य म्हटलंत. फळीवरून हात फिरवून ते म्हणाले, "असा बांधलेला बोर्ड मी कुठे बघितला नाही. बोर्डाचा दोष नाही. त्यात ती तार घालणाऱ्याचा आहे."

ती तार कोणी घातली असेल? तुम्हाला काही आठवतं का? मी आरोप करत नाही, विचारते आहे. सध्या त्या जागी उमाकांतनी नेमाप्रमाणे बारीक तार घातली आहे आणि गीझर बंद ठेवला आहे.

अर्ज चष्म्याच्या घरातून बाहेर काढून एकदा वाचावात.

हेमा


म्हैसूर
३ एप्रिल १९९६

चि. हेमास आशीर्वाद.

तारेचं वाचलं. मी ती घातलेली नाही. अशी तार घालणाऱ्याला मी फोरमन असताना काय करत होतो, ते अंबूला विचार.

गिरीने घातली असणार. त्याला सगळ्याची घाई असे. मी कामावर असताना फ्यूज गेला असेल, त्याने हाताला येईल ती तार अडकवली असेल. मला सांगितलं असतं तर मी बदलली असती.

वायरिंगमधली तेवढी एक पट्टी बदलून घे. बोर्ड राहू दे.

विश्वेश्वर


बनशंकरी
२५ एप्रिल १९९६

तीर्थरूप अण्णा,

तुमच्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही. दोनदा लिहिलं आणि फाडलं. आता राग उतरला आहे, म्हणून लिहिते.

गिरीने ती तार घातली नाही. माझ्याकडे पुरावा नाही, पण मी त्याच्याबरोबर सतरा वर्षं संसार केला आहे. बल्ब बदलायचा असला तरी तो तुम्हाला हाक मारायचा. तुम्ही घरी नसलात तर अंधारात जेवायचा. एकदा टेबलफॅनचा झटका बसला तेव्हापासून तो पंख्याचं बटणसुद्धा रुमालाने दाबत असे, आणि तुम्ही त्यावरून त्याला सगळ्यांसमोर चिडवत होतात. "फोरमनचा मुलगा, विजेला भितो." आठवतं का? जिन्याखाली तो कधी चप्पल काढायलाही थांबत नसे. तो माणूस तीन नंबरचा फ्यूज ओढून काढेल, आत तार घालेल आणि परत बसवेल, हे मला पटत नाही. तुम्हालाही पटत नसणार.

तुम्हाला आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. मी तुमच्यावर कधीही रागावणार नाही. पण गिरीवर घालू नका. त्याला उत्तर देता येत नाही.

आता बोर्डाचं. मी खूप विचार केला. तुम्ही सांगता तशी एक पट्टी बदलणं सोपं आहे, पण उरलेल्या पट्ट्यांमधली तार त्याच वयाची आहे आणि मी रोज सकाळी वास घेत घरभर फिरते आहे. कालच रम्या म्हणाली, "आई, तू घर हुंगतेस." अशा घरात मी राहणार नाही आणि हे घर मी सोडणारही नाही. म्हणजे एकच गोष्ट उरते.

सुट्ट्या लागल्या आहेत. सहा मेपासून उमाकांत आणि त्यांचा एक जोडीदार काम सुरू करतील. आतलं वायरिंग आणि बोर्ड बदलायला तुमच्या सहीची गरज नाही, ते मी करणारच आहे. वाढीव लोडला सही लागते. तुम्ही दिलीत तर सगळं एकदम होईल. नाही दिलीत तर मी गीझर काढून टाकीन आणि सातारच्या आईसारखा अंगणात बंब पेटवीन. ते मला जमेल. सहीसाठी मी पुन्हा लिहिणार नाही.

तुमचा बोर्ड उतरवताना मला काय वाटेल, ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते कळतं.

हेमा


म्हैसूर
२ मे १९९६

चि. हेमा,

हे पत्र दोन बैठकींत लिहिलं आहे. पहिल्या बैठकीत मी तुला रागावून लिहिलं होतं, तो कागद अंबूने घेतला आणि त्यावर वाल निवडायला बसली.

झालं ते असं. सोमवारी रम्याचं कार्ड आलं, आजीच्या नावाने. तिने भोळेपणाने लिहिलं, "आईच्या हाताची पट्टी आता निघाली, पण तळहाताला डाग राहिला." कसली पट्टी, कसला हात? सौम्याने शेजारून तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी फोन लावून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. वास आला नव्हता, आग लागली होती. पट्टीखालचा पडदा पेटला, तू तो उघड्या हाताने ओढून काढलास, रम्याने पाणी आणलं तेव्हा तू तिला ओरडलीस की पाणी नको, आधी मेन. उजवा पंजा भाजलेला असताना तू मला पत्र लिहिलंस आणि लिहिलंस, काळजी करण्यासारखं काही नाही. बोटं आखडली, पेपर तपासून.

मी अंबूला म्हणालो, "बघ, गिरीच्या घाईमुळे काय झालं." ती वाल निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "पोराच्या नावावर खपवू नका. त्या दसऱ्याला तो भोपाळला ट्रेनिंगला होता. दिवाळी झाल्यावर आला."

मी म्हटलं, "कुठल्या दसऱ्याला?"

ती म्हणाली, "आता तेही मीच सांगू?"

हेमा, मला आठवत होतं. तुझं सत्तावीस मार्चचं पत्र वाचलं तेव्हाच आठवलं होतं.

त्र्याऐंशीचा दसरा. आपल्याकडे नऊ पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या. रम्या सहा वर्षांची होती, तिच्यासाठी मी खालच्या पायरीवर तळं केलं होतं, मोटर लावून फिरणारं कमळ आणि भोवती चाळीस दिवे. पंचमीच्या दिवशी हळदीकुंकवाला वीस-बावीस बायका आल्या आणि फ्यूज गेला. मी बदलला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा कृष्णमूर्तींची आई सगळ्यांदेखत हसून म्हणाली, "फोरमनसाहेबांच्या घरी काळोख. आमच्याकडून मेणबत्ती आणू काय?" मी जिन्याखाली गेलो आणि पेटीतली जाड तार काढली. नऊ दिवसांपुरती घालतो, असं मी स्वतःला म्हणालो. दिवे लागले. रम्या टाळ्या वाजवत होती.

दहाव्या दिवशी बाहुल्या कापडात गुंडाळून पेटीत गेल्या. तार राहिली. विसरलो असं लिहिणार होतो, पण विसरलो नाही. पुढच्या महिन्यात दोन-तीनदा आठवण झाली. फ्यूज जात नव्हता आणि कृष्णमूर्तींकडे जात होता. ते मला आवडत होतं. नंतर खरंच विसरलो. जी गोष्ट मी लाज म्हणून विसरलो, तिचीच बढाई मी तुला मार्चमध्ये लिहिली.

कारखान्यात दामोदर नावाचा फिटर होता. एकोणसत्तर साली त्याने लेथच्या फ्यूजमध्ये जाड तार घातली. मशीन थांबू नये म्हणून केलं, असं तो सांगत होता. मी त्याला पंधरा दिवस बिनपगारी घरी बसवलं आणि फ्यूज सगळ्या डिपार्टमेंटला फिरवून दाखवला. त्याच्या बायकोने येऊन अंबूपाशी रडून घेतलं, तरी मी ऐकलं नाही. तो बरोबरच निर्णय होता. फक्त मला कोणी घरी बसवलं नाही.

आणि मुलाच्या नावावर घातलं. त्याबद्दल तू लिहिलंस त्याहून जास्त मी स्वतःला बोललो आहे. तुझी माफी मागतो. त्याची कशी मागायची, ते मला ठाऊक नाही.

अर्जावर सही केली आहे. अंबूने साक्षीदाराच्या जागी सही करायचा हट्ट धरला, तिथे साक्षीदार लागत नव्हता, तरी केली आहे. कार्यालयात काही म्हणाले तर सांभाळून घे.

नव्या बोर्डाचा नकाशा काढून सोबत पाठवतो. गीझरला एकटीच लाइन दे, तिच्यावर दुसरं काही नको. स्वयंपाकघर वेगळं, बाहेरची खोली वेगळी. रम्याच्या कॉम्प्युटरला माडीवर वेगळी लाइन दे. जमिनीत जाणाऱ्या अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात मोगरीच्या डावीकडे आहे, तो उकरून त्यात नवा कोळसा आणि मीठ भरून घे, जुनं वाहून गेलं असेल. नवा बोर्ड जिन्याखाली लावू नको. बाहेरच्या खोलीत दाराशी लाव, सगळ्यांना दिसेल असा आणि रम्याचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. माझी जागा चुकली होती. मला तो लपवून ठेवायचा होता.

उमाकांतना माझा नमस्कार सांग. ते लांबून बघूनही बरोबर बोलले.

अण्णा


बनशंकरी
१६ जून १९९६

तीर्थरूप अण्णा,

काम संपलं. बारा दिवस लागले आणि घरात एवढी धूळ झाली की रम्या चार दिवस मैत्रिणीकडे कोरमंगलाला पळाली. वाढीव लोड मंजूर झाला. कार्यालयातल्या बाईंनी अर्ज बघून विचारलं, "ही अंबुबाई कोण?" मी म्हटलं, "आमच्या सासूबाई. त्यांचं लक्ष आहे." त्या हसल्या आणि शिक्का मारला.

बोर्ड दाराशी लावला आहे. राखी रंगाची लोखंडी पेटी आणि आत आठ काळे खटके. दिसायला तुमच्या फळीसारखा देखणा नाही. प्रत्येक खटक्याखाली रम्याने मराठीत, कानडीत आणि इंग्रजीत नावं लिहिली आहेत. खड्ड्यातून दोन टोपल्या माती निघाली, कोळसा आणि मीठ भरून घेतलं. मोगरीची मुळं सांभाळली.

तुमचा नकाशा उमाकांतनी दोन दिवस खिशात ठेवला होता. एके ठिकाणी ते अडले. तुम्ही गीझरला लिहिली होती त्याहून जाड वायर हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, "मग तुम्ही म्हणता तशी घाला." ते म्हणाले, "अण्णांना विचारायला नको?" मी म्हटलं, "नको. ते आता विचारलं नाही तरी रागावणार नाहीत." बरोबर बोलले ना मी?

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गीझर, मिक्सर, इस्त्री आणि फ्रीज एकदम चालू केलं. काही झालं नाही. मग उमाकांतनी एक खोटा दोष करून दाखवला, आणि टप् असा आवाज होऊन एकच खटका पडला. बाकीचं घर चालू राहिलं. रम्या म्हणाली, "एवढंच?" एवढंच, अण्णा. त्या दिवशी मी घर न हुंगता झोपले.

तुमच्या पत्राला मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण मलाही काही सांगायचं होतं आणि ते धीर करून लिहायचं होतं. तुम्ही माफी मागितलीत. ती मी घेतली, आणि गिरीच्या वाटणीचीही घेतली. त्याला तेवढं मी ओळखत होते. तो म्हणाला असता, "अण्णांना म्हणावं, निदान मी विजेला भीत होतो ते बरं होतं." पण ही चूक तुमच्या एकट्याची नाही.

मी वीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवते. दर वर्षी जुलैत विजेचा धडा येतो. मी फळ्यावर फ्यूज काढते आणि मुलींकडून वदवून घेते, की फ्यूजची तार बारीक का असते आणि जाड घातली तर काय होतं. तीन मार्कांचा प्रश्न आहे. माझ्या मुली त्यात कधी चुकत नाहीत. आणि बारा वर्षं दर जुलैत मी तो धडा शिकवून घरी आले, जिन्याखाली पर्स टांगली, आणि तीन नंबर कधी ओढून पाहिला नाही. फ्रीज घेतला तेव्हा नाही, गीझर घेतला तेव्हा नाही. तुम्ही हात लावू नको म्हणालात हे खरं. पण तुम्ही म्हैसूरला गेल्यावर पाच वर्षं मला अडवणारं कोणी नव्हतं. मला ते सोयीचं होतं. तुमचा बोर्ड म्हटलं की मला विचार करावा लागत नव्हता.

भाजलेल्या हाताचं लपवलं, तेही यातलंच. आग लागली असं लिहिलं तर तुम्ही खचाल, असं मी मनाशी म्हणत होते. खरं म्हणजे मला तुमच्याशी भांडायचं नव्हतं. वास आला असं लिहून सही मिळाली असती तर मी तेवढ्यावर भागवलं असतं. तुम्ही अडून बसलात ते एका परीने बरंच झालं.

आता मुद्द्याचं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो धडा आहे. दहावीच्या दोन तुकड्या आहेत, मिळून ब्याऐंशी मुली. या वर्षी तो मी शिकवू नये, तुम्ही शिकवावा, असं माझ्या मनात आहे. धडा म्हणून नको. खुर्चीत बसून कमळाच्या तळ्याची गोष्ट सांगा, कृष्णमूर्तींच्या आई काय म्हणाल्या ते सांगा, दामोदरचं सांगा आणि मग तार घालणारा कोण होता ते सांगा. मी तुम्हाला फोरमन म्हणूनच बोलावते आहे. प्राचार्यबाईंना विचारून ठेवलं आहे. त्यांनी तारीखसुद्धा लिहून घेतली आहे, अकरा जुलै.

तुम्ही काय लिहाल ते मला पाठ आहे. गुडघे, बसचा प्रवास, सौम्याला त्रास, आणि शेवटी, ब्याऐंशी पोरींसमोर म्हाताऱ्याने स्वतःची चूक काय सांगायची. गिरी गेल्यापासून मी तुम्हाला सात वेळा या म्हटलं, सातही वेळा तुम्ही नाही म्हणालात, आणि त्यातलं एकही कारण खरं नव्हतं. अम्मांना लिहिलं असतं तर त्यांनी आजच पिशवी भरली असती. म्हणून त्यांना लिहीत नाही, तुम्हालाच लिहिते. नकारही तुमचाच यावा, तुमच्या अक्षरात, खरं कारण लिहून.

तरी विचारते, अण्णा. अकराला याल का?

तुमची,
हेमा